खिवा आधी, समरकंद शेवटी: उझबेकिस्तानच्या ऐतिहासिक शहरांचा दहा दिवसांचा प्रवास कसा आखावा

उझबेकिस्तानला मी पहिल्यांदा गेले ती एका टूरबरोबर. ताश्कंद, समरकंद, बुखारा आणि परत, असा सगळा कार्यक्रम पाच दिवसांत. समरकंदच्या शाही-झिंदा या कबरींच्या संकुलाला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली आणि त्यातली दहा ग्रुप फोटोत गेली. खिवा तर यादीतच नव्हतं. परतताना विमानात मनाशी ठरवलं, इथे पुन्हा यायचं आणि या वेळी नीट यायचं. दोन वर्षांनी आईला घेऊन गेले. त्या दुसऱ्या प्रवासात जे जमलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही टूरबरोबर जा किंवा स्वतः आखून जा, दोन गोष्टी मात्र सोडू नका. एक, लांबच्या टोकापासून सुरुवात करा. दोन, प्रत्येक शहरात निदान दोन रात्री राहा.

आधी दिशेचं सांगते. बहुतेक कार्यक्रम ताश्कंदहून समरकंद, मग बुखारा असे पश्चिमेकडे सरकतात, आणि वेळ उरलाच तर खिवा. माझ्या मते हे उलटं आहे. समरकंदच्या वास्तू इतक्या प्रचंड आहेत की त्या आधी पाहिल्या तर बुखाऱ्याची विटांची नजाकत डोळ्यांत शिरतच नाही आणि खिवा खेळण्यातलं गाव वाटतं. म्हणून ताश्कंदहून विमानाने थेट उर्गेंचला जा. दीड-एक तासाचं अंतर आहे, आणि तिथून खिवा सुमारे 35 किलोमीटर. मग जमिनीवरून पूर्वेकडे या: खिवा, बुखारा, समरकंद आणि शेवटी ताश्कंद. अशाने वास्तू चढत्या क्रमाने समोर येतात. शिवाय वाळवंटातला सगळ्यात दमवणारा टप्पा अंगात ताकद असतानाच उरकतो.

निघण्याआधी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. जुलैत पारा सहज चाळिशीपार जातो, जानेवारीत शून्याखाली. 21 मार्चच्या आसपास नवरोझ असतो. गावं सजतात, पण गर्दीही होते. रमजानमध्ये जायला काहीच हरकत नाही. फक्त दिवसा लोकांसमोर खाणंपिणं जरा आवरतं ठेवा.

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाला साधारण 20 डॉलर पडतात, पण नियम आणि शुल्क निघण्याआधी तिथेच तपासा. मधल्या दलालांच्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट पैसे घेतात. दिल्लीहून थेट विमानाने तीन-साडेतीन तासांत ताश्कंद येतं. मुंबईहूनही थेट विमानं असतात, मात्र त्यांचं वेळापत्रक मोसमानुसार बदलतं. घड्याळ आपल्या अर्धा तास मागे लावायचं. चलन सोम. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्यांनी गोंधळायला होतं. कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा न्या. मळलेली किंवा दुमडलेली नोट बँकाही नाकारतात.

औषधांकडे विशेष लक्ष द्या. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन किंवा ट्रॅमाडोल असलेल्या वेदनाशामक गोळ्या यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या डब्यात अशी गोळी असेल, तर डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन सोबत हवंच. ड्रोन मात्र घरीच ठेवा, परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही.

आता माझा एक आग्रह. जाण्याआधी दोन जागा पाहून घ्या, दोन्ही आपल्या जवळच्या आहेत. पहिली बिदरचा महमूद गवानचा मदरसा, 1472 सालचा. उदगीर-लातूरकडच्या लोकांना तर तो अंगणातच आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांचे जे तुकडे तग धरून आहेत, ती तैमूरी काळातल्या मध्य आशिया आणि इराणची शैली. ते उरलेले तुकडे लक्षात ठेवून समरकंदला गेलात, की बिदरची अख्खी भिंत कशी दिसत असेल ते कळतं. दुसरी जागा छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. आपण ती पाण्याची करामत म्हणून बघतो आणि निघतो. पण तिथे ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे, नक्शबंदी या सूफी परंपरेतले. ज्या बहाउद्दीन नक्शबंद यांच्यावरून या परंपरेला नाव पडलं, त्यांची समाधी बुखारा शहराबाहेर अवघ्या 12-एक किलोमीटरवर आहे.

गाइड कसा निवडावा

दहा दिवस एकच गाइड सोबत फिरवण्यापेक्षा प्रत्येक शहरात तिथलाच गाइड घ्या. बुखाऱ्याच्या माणसाला बुखाऱ्याच्या गल्ल्या ठाऊक असतात, समरकंदच्याला नसतात. इंग्रजी बोलणारे भरपूर आहेत आणि हिंदी बोलणारेही मिळतात. आधी सांगून ठेवावं लागतं, एवढंच. अर्ध्या दिवसासाठी घ्या, उरलेला अर्धा दिवस त्याच जागा एकट्याने पुन्हा पाहायला ठेवा.

गाइडला एक प्रश्न सगळीकडे विचारा: यातलं मूळ कोणतं आणि नंतर बांधलेलं कोणतं? तिथल्या वास्तू भूकंपांनी आणि दुर्लक्षाने ढासळल्या होत्या. सोव्हिएत काळात आणि त्यानंतर त्यांची प्रचंड दुरुस्ती झाली. समरकंदच्या रेगिस्तान नावाच्या चौकातल्या उलुगबेग मदरशाचा कललेला एक मिनार तर 1932 मध्ये अभियंत्यांनी अख्खाच्या अख्खा फिरवून सरळ केला. चांगला गाइड हे मोकळेपणाने सांगतो आणि बोटाने सांधा दाखवतो. सगळंच सहाशे वर्षांचं आहे असं म्हणणाऱ्याला पुढे नेमू नका.

टूर कंपनीकडून जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. कोणत्या शहरात किती रात्री? प्रत्येक वास्तूपाशी किती वेळ? प्रवेशतिकिटं धरलेली आहेत का? ‘कारखाना भेट’ नावाखाली दुकानं किती? आमच्या पहिल्या टूरमध्ये गालिच्यांच्या दुकानाला दीड तास होता. शाही-झिंदाच्या त्या चाळीस मिनिटांमागचं कारण तेच.

पहिले दोन दिवस: ताश्कंद

26 एप्रिल 1966 च्या भूकंपात जुनं ताश्कंद बरंचसं कोसळलं, म्हणून शहर रुंद रस्त्यांचं, सोव्हिएत वळणाचं दिसतं. एक पूर्ण दिवस पुरे. चोर्सू बाजार, खास्त-इमाम संकुलातलं हरणाच्या कातड्यावर लिहिलेलं प्राचीन कुराण आणि मेट्रो. 1977 पासून चालणाऱ्या या मेट्रोची काही स्टेशनं राजवाड्यासारखी आहेत. पूर्वी आत फोटोला बंदी होती, 2018 मध्ये ती उठली. कोस्मोनावतलार आणि अलीशेर नवोई या दोन स्टेशनांवर तरी उतराच.

लाल बहादूर शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी जायला टॅक्सी करावी लागते. 10 जानेवारी 1966 ला भारत-पाकिस्तानच्या ताश्कंद करारावर सही झाली आणि त्याच रात्री, 11 तारखेच्या पहाटे, शास्त्रीजी गेले. आईने मुंबईहून नेलेलं सुती फूल तिथे ठेवलं. रस्ता झाडणाऱ्या बाई थांबल्या, हात छातीवर ठेवून उभ्या राहिल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या.

टॅक्सीसाठी यांडेक्स ॲप घ्या. भाडं आधीच दिसतं, घासाघीस वाचते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उर्गेंचचं विमान.

खिवा: तटाच्या आत राहा

खिव्याचं जुनं शहर म्हणजे इचान-कला. मातीचा दहा मीटर उंच तट आणि आत मशिदी, मदरसे, वाडे, घरं. 1990 मध्ये देशातलं हे पहिलं जागतिक वारसास्थळ ठरलं. हॉटेल तटाच्या आतच घ्या. दिवसा आलेले लोक संध्याकाळी निघून जातात, मग दगडी रस्त्यावर फक्त स्थानिक पोरं आणि तुम्ही.

सकाळी उघडताच जुम्मा मशिदीत जा. कमानी नाहीत, घुमट नाही. सपाट छत आणि त्याखाली दोनशेहून अधिक कोरीव लाकडी खांब. काही खांब हजारएक वर्षांपूर्वीचे, जुन्या वास्तूंतून आणून बसवलेले. प्रत्येक खांब खाली निमुळता होत दगडावर टेकलेला, आपल्या वाड्यातल्या खांबाखाली तळखडा असतो तसा. छताला झरोके आहेत, त्यांतून येणारा उजेड सकाळी तिरपा पडतो. आईला वाईच्या वाड्याची आठवण झाली. तिथे बसून राहिलो, कुणी उठवलं नाही.

बाकीचं पटापट सांगते. काल्ता मिनार हा अर्धवट राहिलेला, निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेला जाडजूड बुरूज 1850 च्या दशकात सुरू झाला आणि खान वारल्यावर तसाच राहिला. इस्लाम खोजा मिनार 1910 चा. गुडघे चांगले असतील तरच चढा, पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत. ताश-खौली वाड्यातला जनानखाना चुकवू नका. पूर्वेच्या वेशीपाशी गुलामांचा बाजार भरत असे, तेही गाइडकडून ऐका. शहराचं सौंदर्य पाहताना त्याची ही बाजूही ठाऊक हवी. पश्चिम वेशीबाहेर अल-ख्वारिझमी यांचा पुतळा आहे. हे गणिती याच ख्वारिझम प्रांतातले. आपली दशमान अंकपद्धती अरबी जगाला समजावून देणारा ग्रंथ त्यांचा.

सूर्यास्ताला उत्तरेकडच्या तटावर चढा.

बुखारा: सगळ्यात जास्त वेळ इथे

खिवा ते बुखारा सुमारे 450 किलोमीटर, किझिलकुम वाळवंटातून. रेल्वेही आहे, गाडीही मिळते. कसंही गेलात तरी सहा-सात तास धरा. पाणी, खायला काहीतरी आणि कागदी रुमाल हाताशी ठेवा. वाटेतली स्वच्छतागृहं साधी असतात.

बुखाऱ्याला पोचलात की त्या दिवशी काही पाहू नका. लाबी-हौज या 1620 सालच्या तलावाकाठी तुतीच्या जुन्या झाडांखाली बसा आणि चहा मागवा. हौज म्हणजे आपला हौद. थोडं फिरलात की अशा कितीतरी ओळखी निघतात. बाजाराच्या घुमटांना तिथे ‘तोकी’ म्हणतात. तोकी-झरगरान सोनारांचा, तोकी-सराफान सराफांचा. नाणी पारखून बदलून देणारे ते सराफ, आणि त्यांत हिंदुस्थानातून गेलेले सावकारही होते. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या पाटीवरचा शब्द बुखाऱ्याच्या घुमटावर वाचताना अंगावर काटा आला.

चहाची रीत समजून घ्या. यजमान पहिल्यांदा चहा पियाल्यात ओतून पुन्हा किटलीत परत टाकतात, असं तीनदा. मग तुम्हाला देतात तो पियाला अर्धाच भरलेला असतो. हा कंजूषपणा नाही. पाहुण्याला वारंवार विचारता यावं, चहा गरम राहावा, म्हणून कमी भरायचा. काठोकाठ भरून दिला तर समजावं, आता उठा. आमच्या घरगुती हॉटेलातल्या आजीबाईंनी आईचा पियाला सहा वेळा अर्धा अर्धा भरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे इस्माईल सामानीच्या कबरीपाशी जा. दहाव्या शतकातली ही घनाकार वास्तू, बागेत एकटी उभी. रंग नाही, फरशी नाही, फक्त भाजलेली वीट. पण त्या विटा आडव्या, उभ्या, तिरप्या अशा लावल्या आहेत की भिंत विणलेल्या टोपलीसारखी दिसते. सूर्य वर चढतो तशा विटांमधल्या सावल्या सरकतात आणि नक्षी बदलते. सकाळी सातला पाहिली ती आणि संध्याकाळी सहाला पाहिली ती, दोन वेगळ्या भिंती होत्या. पटत नसेल तर स्वतः करून बघा: एकच कोपरा निवडा आणि दोन्ही वेळा तिथेच उभे राहा. संपूर्ण प्रवासात मला सगळ्यात प्रिय झालेली वास्तू हीच.

तिथून चालत पोई-कल्यानला या. कल्यान मिनार 1127 चा, सुमारे 46 मीटर उंच. 1220 मध्ये चंगेजखानाने शहर जाळलं पण हा मिनार राखला. तो वर बघताना त्याची टोपी खाली पडली, ती उचलायला तो वाकला, आणि ज्याच्यापुढे आपण झुकलो तो पाडायचा नाही असं म्हणाला, ही तिथली लाडकी दंतकथा. मिनारावरच्या प्रत्येक पट्ट्यातली विटांची वीण वेगळी आहे, दुर्बीण असेल तर न्या. समोरचा मीर-ए-अरब मदरसा आजही चालू आहे. मुलं शिकत असतात, म्हणून जाळीबाहेरूनच पाहा आणि आवाज कमी ठेवा. अर्क किल्ला एका तासात होतो. चोर-मिनोर, 1807 सालचं चार मिनारांचं छोटं प्रवेशद्वार, संध्याकाळच्या फेरीत जमतं.

सुझनी, म्हणजे भरतकाम केलेलं मोठं कापड, घ्यायची असेल तर ती बुखाऱ्यातच घ्या. हाताची आहे का हे ओळखायला उलटी करा. मागच्या बाजूला टाके थोडे असमान हवेत, आखलेल्या नक्षीच्या पेनाच्या रेघा कुठेकुठे दिसायला हव्यात. जुन्या पद्धतीची सुझनी कापडाच्या पट्ट्या वेगवेगळ्या भरून मग जोडलेली असते, त्यामुळे जोडावर नक्षी किंचित चुकते. ती चूक म्हणजे हातकामाची खूण.

बुखाऱ्याहून समरकंदला वेगवान ‘अफ्रोसियाब’ रेल्वे दीड-एक तासात नेते. तिचं आरक्षण उघडताच तिकीट काढा, लवकर संपतं. पण एकदा तरी मी सांगेन, हा टप्पा गाडीने करा आणि वाटेत गिझदुवानला थांबा. कुंभारकामाचं हे जुनं गाव, पाणचक्कीच्या बाबांचं गाव.

समरकंद

रेगिस्तान दोनदा पाहायचं. मध्ये चौक आणि तीन बाजूंना तीन मदरसे: डावीकडे उलुगबेगचा (1417 ते 1420), उजवीकडे शेर-दोर (1619 ते 1636), समोर तिल्ला-कारी (1646 ते 1660). उलुगबेग मदरशाचं तोंड पूर्वेला, म्हणून त्यावर सकाळचं ऊन पडतं. शेर-दोर पश्चिमेकडे बघतो, त्याच्यासाठी दुपारनंतर या. शेर-दोरच्या कमानीवर वाघासारखे प्राणी आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाचा चेहरा असलेले सूर्य.

भिंत वाचायला शिका, मजा दुप्पट होते. साध्या विटांत मध्येमध्ये निळी झिलई दिलेल्या विटा बसवून जी कोनाकोनांची नक्षी दिसते, ती बऱ्याचदा नक्षी नसून अक्षरं असतात, अल्ला किंवा मुहम्मद. दुसरा प्रकार, झिलईच्या फरशीचे तुकडे कापून जोडलेले. तिसरा, एकाच फरशीवर रंगवून भाजलेला. पहिल्या दोन्हींत रंगाच्या कडा धारदार दिसतात, तिसऱ्यात किंचित पसरलेल्या. गाइडला तिन्ही प्रकार दाखवायला सांगा, मग पुढे तुम्ही स्वतःच ओळखाल.

गूर-ए-अमीर ही तैमूरची कबर. दिल्ली 1398 मध्ये लुटणारा हा माणूस तिथे राष्ट्रपुरुष आहे. आपल्या मनात जे आहे ते असू द्या, पण तिथे वाद घालायची जागा नाही. आत गेल्यावर एक गोष्ट पाहा: तैमूरचा काळपट हिरवा दगड त्याच्या गुरूच्या, मीर सय्यद बरका यांच्या, पायाशी आहे. दिल्लीच्या हुमायून मकबऱ्याच्या दुहेरी घुमटाचं मूळही याच परंपरेत. बीबी-खानुम मशिदीसाठी हिंदुस्थानातून नेलेले हत्ती दगड वाहत होते. आज दिसते त्यातला बराच भाग विसाव्या शतकात उभारलेला आहे.

तैमूरचा नातू उलुगबेग, त्याची वेधशाळा लहान वाटते, जमिनीत खोदलेली वक्र खाच तेवढी उरली आहे. पण त्याच्या तारकासूचीत हजाराहून अधिक ताऱ्यांची स्थानं होती, आणि सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारताना त्याच कोष्टकांचा आधार घेतला. उलुगबेग 1449 मध्ये स्वतःच्या मुलाच्या कारस्थानाने मारला गेला.

शाही-झिंदा शेवटच्या सकाळी, उघडल्या उघडल्या. डोंगरउतारावरची कबरींची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना निळाईचे दरवाजे. पायऱ्या चढताना आणि उतरताना मोजून आकडा जुळला तर मन स्वच्छ, असं मानतात, म्हणून सगळेच पुटपुटत चढतात. वर प्रेषितांचे चुलतभाऊ कुसम इब्न अब्बास यांचं स्थान आहे. लोक नवस बोलायला येतात, प्रार्थना सुरू झाली की बाकावर बसून ओंजळ धरतात. डोक्यावर ओढणी घ्या, फोटो थांबवा, बसा.

शाकाहारींसाठी

तिथे ‘सब्झी’ म्हणजे गाजर. सब्झी मागितलीत तर गाजरच येईल. शिकायचा शब्द ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांसाशिवाय. पण पुलावातून मांसाचे तुकडे वेचून काढले की तो शाकाहारी झाला, असं प्रेमाने समजणारे खूप भेटतात. म्हणून रस्साही विचारा: ‘बुल्योन?’ निर्धास्त पदार्थ म्हणजे भोपळ्याची सोम्सा (चरबी घातली आहे का, विचारून), टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, फळं, सुकामेवा आणि तंदूरमधली नान. खिव्यात बडीशेपेसारख्या शेपूच्या हिरव्या शेवयांचं ‘शिवित-ओशी’ मिळतं, वरचं मांस वगळून मागा. अंडं चालत असेल तर ‘तुखुम-बराक’. आईने मेतकूट, लसणीची चटणी आणि खाकरे नेले होते, रोज एकदा तरी लागले.

नान कधी पालथी ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. सुरीने न कापता हाताने तोडतात.

परतताना

हॉटेलं मुक्कामाची नोंद करतात, त्याच्या पावत्या विमानतळापर्यंत जपून ठेवा. समरकंदहून अफ्रोसियाबने दोन-सव्वादोन तासांत ताश्कंद. समरकंद सोडण्याच्या दिवशी सकाळी तिथल्या सियाब बाजारातून समरकंदी नान घ्या. जाड, चकचकीत, मधोमध ठशांची नक्षी असलेली. ती अनेक दिवस टिकते. प्लास्टिकमध्ये बांधू नका, सुती पंच्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. घरी आल्यावर पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवून मंद तव्यावर चार मिनिटं गरम करा.